ओळीतल्या जोड्या सॉर्ट केल्या की नाव एकीकडे आणि आकडा दुसरीकडे: पायथनमधे हे परत परत का होतं आणि कसं सोडवायचं

लक्षण असं. एका ओळीत जोडीजोडीने डेटा आहे, विषय आणि त्याचे गुण, परत विषय आणि गुण, असं तीन-चार वेळा, आणि प्रत्येक ओळीत जास्त गुणांचा विषय आधी यायला पाहिजे. तुम्ही कोड लिहिता, तो चालतो, एरर येत नाही, आकडे छान उतरत्या क्रमाने लागलेले दिसतात, आणि मग दोन दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की आकडे हलले पण नावं जागच्या जागीच राहिली. किंवा याच्या उलट, कोड चालला पण काहीच हललं नाही. किंवा बऱ्याच ओळी बरोबर, मधेच काही चुकलेल्या, आणि चुकलेल्या ओळींमधे सारखं काय आहे तेच सापडत नाही.

ही तिन्ही लक्षणं एकाच दुखण्याची आहेत. दरवेळी ते वेगळ्या वेशात येतं म्हणून आपण दरवेळी नव्याने शोधत बसतो. मी स्वतः इतक्यांदा शोधत बसलेय की आता एकदाच नीट लिहून ठेवते. फंक्शनांची नावं आणि कोडमधले आकडे इथे देवनागरीत लिहिलेत, एडिटरमधे रोमन अक्षरात आणि इंग्रजी आकड्यांत टाका.

एकच ओळ घेऊ आणि शेवटपर्यंत तीच धरून ठेवू. गणित ७८, भाषा ९१, विज्ञान ८५. सहा खाने, तीन जोड्या. आपल्याला हवंय: भाषा ९१, विज्ञान ८५, गणित ७८.

चुकीचा कोड काय करतो? तो फक्त आकडे उचलतो, सॉर्ट करतो आणि परत त्याच खान्यांमधे ठेवतो. हातात येतं: गणित ९१, भाषा ८५, विज्ञान ७८. आता हे नीट बघा. बेरीज आधी २५४ होती, आताही २५४ आहे. सरासरी तीच, सगळ्यात जास्त तोच, सगळ्यात कमी तोच, रिकामे खाने तेवढेच. आपण सवयीने जे जे तपासतो ते सगळं जुळतं, कारण एकही आकडा हरवलेला नाही. हरवलंय ते फक्त कुठला आकडा कुणाचा हे, आणि ते बेरजेत कधीच दिसत नाही.

मी असाच एक रिझल्टचा तक्ता तयार करून दिला होता, बेरीज आणि सरासरी दोन्ही जुळवून, अगदी खात्रीने. तो पोचल्यावर फोन आला की हा मुलगा विज्ञानाच्या पेपरला गैरहजर होता, मग त्याला विज्ञानात ९१ कुठून आले. त्याच्या ओळीत विज्ञान पहिल्या खान्यात होतं, आकडे सॉर्ट होऊन सगळ्यात मोठा पहिल्या खान्यात गेला आणि न दिलेल्या पेपरचे गुण त्याच्या नावावर चढले. सगळ्या तक्त्यात असंच झालं होतं, पण बाकीच्या ओळींमधे सगळे आकडे शक्य वाटण्यासारखे होते म्हणून कुणाला शंका आली नाही. त्या दिवसापासून मी आकडे सॉर्ट करायचं सोडलं, मी जोड्या सॉर्ट करते. आकड्याला नावापासून सुटा होऊच द्यायचा नाही, आधी गाठ मारायची, मग क्रम लावायचा, आणि अगदी शेवटी खान्यांमधे परत भरताना गाठ सोडायची. खाली जे काही आहे ते ही गाठ कुठे कुठे नकळत सुटते त्याबद्दल आहे.

साध्या पायथनमधे, लायब्ररी न घेता

ओळ म्हणजे सहा वस्तूंची लिस्ट असेल तर नावं म्हणजे ओळ[०::२] आणि गुण म्हणजे ओळ[१::२], म्हणजे शून्यापासून एकाआड एक आणि एकापासून एकाआड एक. या दोन्ही झिपमधे घातल्या की जोड्या तयार. मग सॉर्टेड(जोड्या, की=लॅम्डा ज: ज[१], रिव्हर्स=ट्रू). की म्हणजे कशावरून क्रम लावायचा ते, इथे जोडीतली दुसरी वस्तू, आणि लॅम्डा म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं छोटं फंक्शन. हलते मात्र अख्खी जोडी, आणि सगळी गंमत त्यातच आहे. शेवटी परत सपाट लिस्ट हवी असेल तर [क्ष फॉर ज इन जोड्या फॉर क्ष इन ज], आधी बाहेरचा लूप मग आतला, हा क्रम उलटा लिहिला तर नेम एररने अडतं किंवा आधीच्या कुठल्यातरी व्हेरिएबलची जुनी व्हॅल्यू वापरली जाते, नोटबुकमधे हे दुसरं फार होतं.

एवढं केल्यावर तीन-चार ठिकाणी पाय घसरतो. पहिलं म्हणजे ओळीच्या सुरुवातीला रोल नंबर असतो आणि आपण तो विसरतो. मग शून्यापासून एकाआड एक घेतलं की रोल नंबर, ७८, ९१ अशी 'नावं' मिळतात आणि गणित, भाषा हे 'गुण' होतात. फाईलमधून आलेलं सगळं टेक्स्ट असल्यामुळे तुलना बिनबोभाट होते, विषय अक्षरांच्या क्रमाने लागतात आणि एरर येत नाही. सुरुवातीला एक कॉलम असेल तर स्लाइस १ आणि २ पासून सुरू करा, किंवा सरळ पहिला खाना वेगळा काढून ठेवा आणि उरलेल्यावर काम करा, मला हे दुसरं जास्त आवडतं, कारण सहा महिन्यांनी वाचलं तरी कळतं.

दुसरं, झिप लहान लिस्ट संपली की गुपचूप थांबतो. एखाद्या ओळीत शेवटचा गुणच लिहिलेला नसेल आणि खानेच पाच असतील, तर तिसऱ्या विषयाचं नाव गायब होतं, काहीही न सांगता. पायथन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं, मग लांबी जुळली नाही की व्हॅल्यू एरर येते. हे लावाच. एरर आलेली बरी, जोडी हरवलेली नको. रिकामी जागा ठेवून पुढे जायचं असेल तर इटरटूल्समधलं झिप लाँगेस्ट आहे. आणि पायथन ३ मधे झिप लिस्ट देत नाही, एकदाच वापरता येणारा इटरेटर देतो, म्हणजे आधी प्रिंट करून बघायला लिस्ट(जोड्या) केलं आणि मग सॉर्टेडला दिलं तर सॉर्टेडच्या हातात रिकामी लिस्ट पडते. बघायला गेलो म्हणून बिघडलं असा हा प्रकार आहे, त्यामुळे झिपला पहिल्यांदाच लिस्टमधे गुंडाळून ठेवा.

जोड्या = जोड्या.सॉर्ट() लिहिलं तर हातात नन, म्हणजे 'काहीच नाही', येतो, कारण सॉर्ट ही मेथड लिस्ट जागेवरच बदलते आणि काही परत देत नाही. सॉर्टेड नवी लिस्ट देतं. पुढे जाऊ.

आकडे आहेत, पण आकडे नाहीत

"काही ओळी बरोबर, काही चूक" या लक्षणामागे दहातल्या बहुतेक वेळा हेच असतं असा माझा अनुभव आहे. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने खाने वेगळे केलेली फाईल, आणि पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल डीफॉल्टला प्रत्येक खाना टेक्स्ट म्हणून वाचतं. टेक्स्टमधे तुलना अक्षरागणिक होते, म्हणून '१००' हे '७८' च्या आधी येतं आणि '९' सगळ्यात शेवटी, कारण पहिलं अक्षर १, मग ७, मग ९. आता गंमत बघा, सगळे गुण दोन आकडी असतील तर टेक्स्टचा क्रम आणि संख्येचा क्रम एकच असतो. म्हणजे आपली ७८, ९१, ८५ वाली ओळ टेक्स्ट असतानाही बरोबर सॉर्ट होते, टेस्ट पास होते, आणि ज्या ओळीत एखाद्याला ९ किंवा १०० पडलेत तेवढीच चुकते. म्हणून टेस्टच्या डेटामधे एक, दोन आणि तीन आकडी संख्या मुद्दाम ठेवा.

उपाय कीमधेच, की=लॅम्डा ज: इंट(ज[१]). किंवा वाचतानाच रूपांतर करा, ते जास्त चांगलं. इंट आजूबाजूची स्पेस चालवून घेतो, आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं पण इंट आणि फ्लोट देवनागरी अंकही बरोबर वाचतात, म्हणजे फाईलमधे '७८' देवनागरीत असेल तरी इंट लावल्यावर अठ्ठ्याहत्तरच मिळतात. पण एकाच फाईलमधे काही खाने देवनागरी अंकांत आणि काही इंग्रजी अंकांत असतील आणि तुम्ही टेक्स्टच सॉर्ट केलंत, तर सगळे देवनागरी आकडे एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला जाऊन बसतील, कारण युनिकोडमधे त्यांच्या जागाच वेगळ्या आहेत. '१,२००' असा स्वल्पविराम घातलेला आकडा मात्र इंटला चालत नाही, तो आधी काढावा लागतो.

पांडाज, म्हणजे तक्त्यांवर काम करायची पायथनची लायब्ररी, वापरत असाल तर रीड सीएसव्ही आकडे ओळखतं, पण कॉलमागणिक ओळखतं. गुण२ या कॉलममधे एका ओळीत कुणी 'गैरहजर' लिहिलं असेल तर तो अख्खा कॉलम टेक्स्ट होतो, शेजारचा गुण१ संख्याच राहतो, आणि ओळीत आडवं सॉर्ट करायला गेलं की एकीकडे संख्या आणि एकीकडे टेक्स्ट, टाइप एरर. डीटाइप्स, म्हणजे कुठला कॉलम कुठल्या प्रकारचा ते, प्रिंट करून बघा, तीस सेकंदांचं काम आहे, पण मी हे न केल्यामुळे वाया गेलेले तास मोजले तर बरेच भरतील. मग टू न्यूमरिक, एरर्स='कोअर्स' लावून. हे न जमणाऱ्या खान्यांचं नॅन, म्हणजे 'संख्या नाही', करतं, त्यामुळे आधी किती रिकामे होते आणि नंतर किती झाले ते मोजा. फरक अपेक्षेपेक्षा जास्त असेल तर त्या खान्यांमधे काय होतं ते डोळ्यांनी बघा, कारण '८५ ' आणि '८५*' यात '८५*' चा तुम्ही आत्ताच बळी दिलेला असतो.

रिकामे खाने

इथे जरा थांबू, कारण इथलं बिघडणं सगळ्यात फसवं आहे. नन आणि नॅन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नन म्हणजे पायथनचं 'काहीच नाही', आणि संख्येशी त्याची तुलना करायला गेलं की पायथन ३ सरळ टाइप एरर देतो. बरं आहे, निदान कळतं. नॅन मात्र फ्लोट असतो, त्याच्याशी केलेली लहान-मोठी तुलना कायम फॉल्स येते, आणि सॉर्टेड तसंच पुढे जातो. तीन, नॅन, एक अशी लिस्ट सॉर्टेडला द्या. परत येते तीन, नॅन, एक. एरर नाही, वॉर्निंग नाही. का, तर सॉर्टेड विचारतो नॅन तीनपेक्षा लहान आहे का, उत्तर नाही, मग विचारतो एक नॅनपेक्षा लहान आहे का, उत्तर नाही, मग त्याच्या दृष्टीने लिस्ट आधीच चढत्या क्रमात आहे. तीन आणि एक यांची समोरासमोर गाठच पडली नाही. म्हणजे नॅन नुसता स्वतः चुकीच्या जागी बसत नाही, आजूबाजूच्या चांगल्या आकड्यांचाही क्रम बिघडवतो, आणि कुठल्या ओळीत किती बिघडवेल ते तो कुठल्या खान्यात आहे त्यावर ठरतं. त्यामुळे चुकलेल्या ओळींमधे पॅटर्न सापडत नाही.

उपाय म्हणजे कीमधे एक टपल, म्हणजे कंसात बांधलेल्या वस्तूंचा गट, द्यायचा, पहिला भाग 'हा रिकामा आहे का' आणि दुसरा भाग उणे गुण. की=लॅम्डा ज: (मॅथ.इझनॅन(ज[१]), -ज[१]). फॉल्स म्हणजे ० आणि ट्रू म्हणजे १ धरलं जातं, त्यामुळे भरलेले सगळे आधी येतात, रिकामे शेवटी, आणि भरलेल्यांमधे उणे चिन्हामुळे मोठा आधी. नॅनची आणि खऱ्या आकड्याची तुलना व्हायची वेळच येत नाही, पहिल्या भागातच निकाल लागतो. नन असेल तर त्याला इझनॅनही चालत नाही आणि उणेही लावता येत नाही, मग पहिल्या भागात आधी 'ज[१] इज नन' असं विचारा आणि दुसऱ्या भागात ननसाठी ० टाका. आणि ही की वापरताना रिव्हर्स=ट्रू काढून टाका, ते राहिलं तर रिकामे सगळ्यात पुढे येतील आणि गुण चढत्या क्रमाने लागतील.

सारखे गुण असले तर? पायथनचं सॉर्ट स्टेबल आहे, म्हणजे बरोबरीवाले मूळ क्रमात राहतात. टिम पीटर्स यांनी २००२ मधे पायथनसाठी लिहिलेला टिमसॉर्ट, जो २.३ मधे आला, तो या गुणासाठीही ओळखला जातो. रिव्हर्स=ट्रू दिलं तरी बरोबरीवाल्यांचा मूळ क्रम टिकतो. पण आधी चढता लावून मग [::-१] ने उलटवलं तर बरोबरीवालेही उलटतात. दोन्ही सारखंच वाटतं, सारखं नाही. की न देता (गुण, विषय) असे टपलच सॉर्ट केले तर बरोबरी झाल्यावर पायथन विषयाच्या नावाकडे वळतो, ते तुम्हाला हवं असेल तर ठीक, पण जोडीत दुसरी वस्तू डिक्शनरी असेल तर फक्त बरोबरीच्या ओळीवर टाइप एरर येईल आणि हजार ओळी नीट झाल्यावर एकाएकी का फुटलं ते कळणार नाही.

पांडाजमधे: "कोड चालतो पण काहीच हलत नाही"

पांडाजचा स्वभाव एकदा कळला की हा त्रास संपतो. त्याच्या लेखी खान्याची जागा महत्त्वाची नाही, लेबल महत्त्वाचं. तुम्ही व्हॅल्यू कुठेही हलवा, तिच्यासोबत लेबल असेल तर ती परत ठेवताना पांडाज लेबल बघून तिच्या घरी पोचवतो.

म्हणून डीएफ या डेटाफ्रेमवर, म्हणजे पांडाजच्या तक्त्यावर, डीएफ.अप्लाय(लॅम्डा र: र.सॉर्ट_व्हॅल्यूज(), अ‍ॅक्सिस=१) लिहिलं की प्रत्येक ओळ खरंच सॉर्ट होते, पण प्रत्येक व्हॅल्यूच्या गळ्यात तिच्या कॉलमचं नाव असतं, आणि सगळ्या ओळी एकत्र जोडताना पांडाज ती नावं जुळवतो, मग प्रत्येक व्हॅल्यू होती त्याच कॉलमखाली. फार तर कॉलम मागेपुढे झालेले दिसतील. आपण समजतो सॉर्ट झालंच नाही, आणि मग सॉर्टच्या पॅरामीटरमधे चूक शोधत बसतो, जिथे चूक नाहीये.

डीएफ.सॉर्ट_व्हॅल्यूज ला अ‍ॅक्सिस=१ दिलं की प्रत्येक ओळ आडवी सॉर्ट होईल असंही वाटतं. तसं होत नाही. तुम्ही बायमधे जी एक ओळ सांगता तिच्यानुसार अख्खे कॉलम हलतात, बाकी सगळ्या ओळी तिच्यामागे फरफटत जातात. पहिली ओळ बघून खुश झालो तर बाकीच्या बघायच्या राहून जातात.

आयटररोजने एकेक ओळ घेऊन तिच्यात बदल करत असाल तर तेही सोडा, ती ओळ बहुतेक वेळा कॉपी असते, बदल मूळ डेटाफ्रेममधे पोचतीलच याचा भरवसा नाही.

काय करायचं? लेबलं उतरवायची. नावांचे कॉलम आणि गुणांचे कॉलम टू नमपाय करून वेगवेगळे घ्या, नमपाय ही पायथनची आकड्यांची लायब्ररी (कोडमधे एनपी), तिला लेबल माहीतच नसतं, तिथे जागा म्हणजे जागा. मग क्रम = एनपी.आर्गसॉर्ट(-गुण, अ‍ॅक्सिस=१, काइंड='स्टेबल'), आणि हाच एक क्रम दोघांना लावा, एनपी.टेक_अलाँग_अ‍ॅक्सिस(नावं, क्रम, अ‍ॅक्सिस=१) आणि तसंच गुणांना. इथे जोडी बांधलेली नाही, पण दोघांना एकच क्रम लागतो म्हणजे गाठ तीच, फक्त वेगळ्या पद्धतीने मारलेली. अप्लाय प्रत्येक ओळीसाठी पायथनचं फंक्शन बोलावतो, हे सगळ्या ओळी एका फटक्यात करतं, लाखभर ओळी असतील तर फरक बसल्या जागी जाणवतो.

आपली ओळ बघू. गुण ७८, ९१, ८५. आर्गसॉर्ट देतो १, २, ०. याचा अर्थ, पहिल्या जागेसाठी १ नंबरचा खाना उचल म्हणजे भाषा, मग २ नंबरचा म्हणजे विज्ञान, मग ० नंबरचा म्हणजे गणित. बरोबर. पण बरेच जण हे 'गणिताचा नंबर १, भाषेचा २' असं वाचतात. तो रँक झाला, आणि रँक शून्यापासून मोजला तर २, ०, १ आहे. दोन्ही एकमेकांचे उलटे असतात, आर्गसॉर्ट जागेवरून खाना सांगतो, रँक खान्यावरून जागा. आणि इथे एक वाईट सापळा आहे: ओळीत दोनच जोड्या असतील तर आर्गसॉर्ट आणि रँक कायम सारखेच येतात. तीन जोड्या असून फक्त दोघांचीच अदलाबदल होत असेल तरीही सारखे. म्हणजे छोट्या टेस्टवर चुकीचा कोड बरोबर उत्तर देतो. टेस्टसाठी कमीत कमी तीन जोड्या घ्या आणि तिघांनाही जागा बदलावी लागेल अशा घ्या, ७८, ९१, ८५ मी म्हणूनच घेतलेत.

टेक अलाँग अ‍ॅक्सिसच्या जागी नावं[क्रम] लिहिलं तर नमपाय ते ओळींचे नंबर समजतो आणि तीन मिती असलेला अ‍ॅरे देतो, किंवा ओळी कमी असतील तर इंडेक्स एरर. हे फंक्शन नमपाय १.१५ पासून आहे.

नमपायची चांगली गोष्ट म्हणजे तो नॅनला कायम शेवटी ठेवतो, आणि उणे नॅन पण नॅनच असल्यामुळे वरच्या उणे युक्तीत रिकामे खाने शेवटीच राहतात. पण आधी चढता लावून मग उलटवलंत तर नॅन पुढे येतील. उणे लावायच्या आधी गुण फ्लोट करून घ्या. कुणी जागा वाचवायला यूइंट८ मधे, म्हणजे ० ते २५५ एवढ्याच संख्या मावणाऱ्या प्रकारात, ठेवले असतील तर तिथे उणे संख्या नसतेच, उणे ९१ चे १६५ होतात, उणे ७८ चे १७८, इथपर्यंत क्रम बरोबर, पण उणे शून्य शून्यच राहतं आणि सगळ्यात लहान म्हणून पहिलं येतं. शून्य मिळालेला विषय यादीत पहिला दिसला तर दुसरं काही शोधू नका, हेच आहे.

आणि कॉलमची यादी हाताने बनवताना विषय१, विषय२, विषय३ आणि गुण१, गुण२, गुण३ एकाच क्रमाने आहेत ना ते बघा. फाईलमधे गुण३ आधी आणि गुण२ नंतर असू शकतो. फाईलच्या क्रमावर विसंबू नका, १ ते ३ लूप फिरवून दोन्ही नावं एकाच आकड्यापासून तयार करा.

जोड्या खूप असतील, किंवा ओळीओळीत कमीजास्त

मग आडवा डेटा उभा करा. पांडाजचं वाइड टू लाँग यासाठीच आहे, प्रत्येक जोडीची स्वतःची ओळ होते, विषय एका कॉलममधे, गुण एका कॉलममधे, आणि कुठल्या मूळ ओळीतली ते रोल नंबर सांगतो. रोल नंबर रिपीट होत असेल तर ते एरर देऊन अडेल, मग रीसेट इंडेक्स करून नवीन ओळ नंबर वापरा. उभं झालं की सॉर्ट करणं म्हणजे रोल नंबर चढता, गुण उतरता, संपलं. जोडी आता एका ओळीतच राहते, तिला तोडायची सोयच उरत नाही, म्हणून माझं स्पष्ट मत आहे की असा डेटा उभाच ठेवावा आणि आडवा फक्त दाखवायच्या वेळी करावा.

परत आडवा करताना एक पायरी चुकते. ग्रुपबाय करून क्युमकाउंटने प्रत्येक गटात नवीन क्रमांक द्यायचा आणि त्या नव्या क्रमांकावर पिव्हट करायचा. जुन्याच १, २, ३ वर पिव्हट केलात तर पांडाज लेबल बघून सगळं होतं तिथे परत ठेवेल. परत तेच, लेबल.

फक्त दोन खान्यांची अदलाबदल

हा जवळचा नातेवाईक. ओळीत 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन कॉलम आहेत, क-ख आणि ख-क ही एकच जोडी धरायची, म्हणून लहान आधी ठेवायचं आणि मग ड्रॉप डुप्लिकेट्स. लोक मास्क बनवतात, जिथे पासून मोठा आहे त्या ओळी, आणि पांडाजच्या डीएफ.लोक मधे ['पासून', 'पर्यंत'] ला ['पर्यंत', 'पासून'] असाइन करतात. काही बदलत नाही, कारण उजव्या बाजूलाही लेबलं आहेत आणि पासून परत पासूनमधेच जातो. उजव्या बाजूला टू नमपाय लावलं की लगेच होतं. आणि त्या दोन टोकांना आणखी काही चिकटलेलं असेल, पासूनची वेळ, पर्यंतची वेळ, तर तेही त्याच मास्कने, त्याच असाइनमेंटमधे बदला. कोडच्या पुढच्या ओळीत मास्क परत काढलात तर तोपर्यंत टोकं बदललेली असतात, मास्क सगळीकडे फॉल्स येतो आणि वेळा जुन्याच राहतात.

झालं की नाही ते कसं तपासायचं

बेरीज नको, ते वर बघितलं. प्रत्येक ओळीसाठी आधीच्या जोड्यांची यादी आणि नंतरच्या जोड्यांची यादी, दोन्ही (विषय, गुण) अशा टपलच्या, दोन्ही काउंटरमधे, म्हणजे कुठली वस्तू किती वेळा आहे ते मोजणाऱ्या कलेक्शन्समधल्या साधनात, घालून सारख्या आहेत का बघा. सेट वापरू नका, एकच जोडी दोनदा असेल तर सेटला ती एकदाच दिसते. नॅन स्वतःशीही बरोबर नसतो, म्हणून तपासायच्या आधी त्याच्या जागी -१ टाका, नाहीतर बरोबर ओळीही चुकीच्या दाखवेल. मग दुसरी तपासणी, गुण खरंच उतरत्या क्रमात आहेत का. पहिली तपासणी गाठ सुटली का ते सांगते, दुसरी क्रम लागला का ते. मी ज्या तक्त्याचं सांगितलं त्याच्यावर नंतर ही पहिली तपासणी चालवली, तेव्हा क्रम बदलायची गरज असलेली एकेक ओळ लाल झाली.

आणि हे सगळं झाल्यावर कॉलमची नावं बदला. विषय१ म्हणजे आधी 'फाईलमधला पहिला विषय' होता, आता 'सगळ्यात जास्त गुणांचा विषय' आहे. नाव तेच राहिलं तर पुढचा माणूस जुनी फाईल आणि नवी फाईल विषय१ वर जोडेल, आणि जी गाठ आपण इतकी सांभाळली ती त्याच्या हातून सुटेल. मी क्रम१_विषय, क्रम१_गुण असं ठेवते.